दोन फुटांतला दरारा

नाना सल्ला मागायला येतात तेव्हा त्यांचं सगळं आधीच ठरलेलं असतं. हवा असतो तो होकार. तो मिळाला नाही तर ते रागावत नाहीत, वाद घालत नाहीत. "बरं, बघतो," म्हणून चपला घालतात आणि पुढच्या माणसाकडे जातात. गुडघ्यांसाठी त्यांनी असेच डॉक्टर बदलले. जिना कमी करा म्हणणारे एकेक मागे पडले आणि "चढा हो, सांधे मोकळे होतात" म्हणणारा एक भला माणूस सापडला, तेव्हा कुठे त्यांचा शोध थांबला. आमची डोंबिवलीतली इमारत बिनलिफ्टची आणि नाना तिसऱ्या मजल्यावर, तेव्हा त्यांना दुसरा इलाज नव्हता हेही खरं. पण गॅलरी बंद करून घेणं असो, जुनी स्कूटर विकणं असो की मुलीच्या केळवणाला बासुंदी करावी की श्रीखंड हा प्रश्न असो, सगळीकडे हीच रीत. निर्णय नानांचा, जबाबदारी दुसऱ्याची. बासुंदी बिघडली की नाना शांतपणे सांगणार, "मी कुठं म्हटलं होतं? सेक्रेटरी म्हणाले."

सहकारी बँकेत काउंटरच्या मागे आयुष्य गेल्यामुळे हे झालं असावं. तिथे दुसऱ्या सहीशिवाय कागद हलत नाही.

निवृत्तीच्या वेळी स्टाफनं वर्गणी काढून त्यांना माशांची टाकी दिली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. मागे निळ्या समुद्राचं पोस्टर, आत प्लॅस्टिकचं झाड आणि बुडबुडे सोडत उघडझाप करणारा एक शिंपला. देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चार गप्पी, दोन मॉली असं काहीतरी असणार. नाना एरवी त्यावर खूशही झाले असते. पण त्याच आठवड्यात त्यांची दाढ दुखायला लागली आणि दाताच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीतल्या भल्यामोठ्या टाकीत त्यांना ऑस्कर दिसला.

"माझ्याकडे बघितलं हो त्यानं," नाना मला सांगत होते. "मी इकडे सरकलो की इकडे, तिकडे सरकलो की तिकडे. अगदी डोळ्याला डोळा."

इतकी वर्षं समोर रांग उभी राहिली, पण रांगेतला प्रत्येक जण नानांकडे न बघता पासबुकाकडेच बघत होता. तेव्हा कोणीतरी वर मान करून बघितल्याचं त्यांना अप्रूप वाटलं, हे मला समजलं. ऑस्कर खरोखर बघतोही. तो खायला घालणारा माणूस ओळखतो, त्याला पाहून काचेपाशी येतो, आणि टाकीतले दगड आपण मांडले तसे कधी राहू देत नाही. त्याची जागा बदलली, तर कित्येकदा कुशीवर आडवा पडून रुसतो. नव्या माणसाला मोह पडावा असाच हा मासा आहे.

माझ्याकडे बरीच वर्षं टाक्या आहेत. त्यामुळे सोसायटीनं मला न विचारता माझी मत्स्यतज्ज्ञ म्हणून नेमणूक करून टाकलेली आहे. नाना रविवारी सकाळी आले, चहा नको म्हणाले, चहा घेतला, आणि मुद्द्यावर आले.

"एक रागीट मासा सांगा."

"रागीट?"

"अगदीच मारकुटा नको. पण दरारा पाहिजे. गप्पी-बिप्पी नकोत."

"टाकी केवढी आहे?"

"दोन फुटी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण पाणी काठोकाठ भरतो."

मी हिशेब मांडला. साठ सेंटिमीटर गुणिले तीस गुणिले तीस म्हणजे 54 लिटर. खडे, शिंपला, झाड आणि वरची मोकळी जागा वजा जाता 45 लिटर उरले तर नशीब. दुकानात दोन इंचांचा गोंडस दिसणारा ऑस्कर पहिल्या वर्षी जवळजवळ महिन्याला इंच या वेगानं वाढतो आणि फूटभर होतो. एक फूट रुंदीच्या टाकीत एक फूट लांबीचा मासा. त्याला वळायचं झालं तर पुढे जाऊन मागे यायचीसुद्धा सोय नाही. त्याला निदान चार फुटी टाकी लागते. चार बाय दीड बाय दीडची धरली तर नुसतं पाणीच पाव टन. तिसऱ्या मजल्यावर, वन बीएचकेमध्ये, टीपॉयवर.

नानांनी सगळं नीट ऐकून घेतलं. बँकेतला माणूस, आकड्यांना नाही म्हणत नाही. मग ज्यासाठी आले होते तो प्रश्न त्यांनी विचारला.

"पण मासा टाकीच्या मापानंच वाढतो ना?"

मासे पाळणाऱ्यांच्या जगात ही समजूत अमर आहे. लहान टाकीत माशाची वाढ खुंटते, यात शंका नाही. पण ती खुंटते म्हणजे मासा समजूतदारपणे "आता पुरे" म्हणत नाही. त्याच्याच घाणीनं पाणी विषारी होत जातं, हालचाल कमी होते, कणा वाकतो, आणि दहा वर्षं जगू शकणारा जीव फार आधी संपतो. हे मी नानांना जरा जोर देऊनच सांगितलं.

"म्हणजे थोडा तरी वाढायचा थांबतो," नाना म्हणाले. "बरं, बघतो."

पुढचे काही आठवडे नाना होकाराच्या शोधात होते. मी त्यांना एकच गोष्ट करायला लावली होती. मासा मिळेपर्यंत टाकी भरून फिल्टर चालू ठेवायचा आणि रोज चिमूटभर खाणं टाकायचं. ते कुजलं की अमोनिया होतो. अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करणारे एक जिवाणू आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे दुसरे, हे फिल्टरमध्ये वस्तीला आले की मग टाकी मासे ठेवण्याजोगी होते. त्याला महिना-दीड महिना जातो. नवशिके हा महिना गाळतात आणि पहिल्या आठवड्यात मासे मरू लागले की पाण्याला, दुकानदाराला, सरतेशेवटी अमावस्येला दोष देतात. नानांनी मात्र तो पाळला, कारण त्यांच्या चौकश्याच तेवढ्या लांबल्या. रोज सकाळी अंघोळ करून, रिकाम्या पाण्यात ते चिमूटभर दाणे टाकत. "कोणाला भरवताय?" असं नानी विचारत. आलेले पाहुणे टाकीत वाकून बघत आणि मासे कुठे आहेत म्हणत. "सध्या जिवाणू पाळलेत," नाना सांगत. नानांच्या व्याह्यांनी हे ऐकून विषय बदलला.

दर दोन-तीन दिवसांनी एक नवीन उमेदवार येई. एकदा फ्लॉवरहॉर्न आला. हा कुठल्या नदीत सापडणारा मासा नाही. 1990 च्या दशकात मलेशियात सिक्लिड कुळातल्या निरनिराळ्या माशांच्या संकरातून तो घडवला गेला. कपाळावर मोठं टेंगूळ. त्याला कोक म्हणतात आणि ते जितकं मोठं तितकी घरात भरभराट, अशा समजुतीमुळे टेंगळाच्या मापावर किंमत ठरते. नानांना भरभराटीत रस नव्हता, पेन्शन ठरलेली. पण "एकटाच राहतो, दुसऱ्याला जगू देत नाही" हे वर्णन त्यांना पसंत पडलं होतं. त्याचाही आकार फुटाच्या घरात जातो म्हटल्यावर चपला घातल्या.

मग जॅक डेम्प्सी आला. 1919 ते 1926 या काळात हेवीवेट मुष्टियुद्धाचा जगज्जेता असलेल्या माणसाचं नाव या माशाला दिलं आहे, हे ऐकून नाना खुर्चीत ताठ बसले. आठ-दहा इंच वाढतो, तेव्हा दोन फुटांत नाहीच. शिवाय नावाला न शोभणारी गोष्ट म्हणजे हे पैलवान पुष्कळदा दिवसभर दगडामागे लपून बसतात. "मग कशाला?" नाना स्वतःच म्हणाले. नानांनी स्वतःहून नकार दिलेला तो पहिला आणि शेवटचा मासा.

फायरमाउथचं मी सुचवून पाहिलं. मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा, गळ्याखाली लालभडक. कोणी समोर आलं की कल्ले फुलवून एवढं मोठं तोंड करतो की समोरचा अर्धा घाबरतो. बहुतेक वेळा पुढे काही करत नाही. नाना म्हणाले, असे आमच्या बँकेत युनियनमध्ये दोन होते.

मजा आली ती डोवीच्या वेळी. मध्य अमेरिकेतल्या नद्यांमधला हा सिक्लिड, हौशी लोक त्याला वुल्फ सिक्लिड म्हणतात. फोटोतले दात बघून नाना भारावले होते. मी म्हटलं, "नाना, हा मासा सत्तर सेंटिमीटरपर्यंत जातो. तुमची टाकी साठ आहे. टाकीपेक्षा मासा लांब."

नाना गप्प झाले. मला वाटलं, पटलं. त्यांनी खिशातून बॉलपेन काढलं, वर्तमानपत्राच्या समासात काहीतरी लिहिलं, मोबाइलवर वर्गमूळ काढलं आणि चेहरा उजळला.

"तिरका धरला तर? खालच्या कोपऱ्यापासून वरच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण साडेत्र्याहत्तर येतोय. बसतो की!"

गणित बरोबर होतं. मी ते दोनदा तपासलं.

याच काळात कुर्ल्याच्या रविवारच्या मासेबाजाराशी नानांचं सूत जमलं. स्टेशनजवळच्या त्या गर्दीत फुगवलेल्या पिशव्यांतून मासे टांगलेले असतात, आणि तिथल्या एका विक्रेत्याकडे नानांना आयुष्यभर हवं होतं ते मिळालं. त्याला काहीही विचारा, उत्तर एकच. ऑस्कर? "बिनधास्त घ्या साहेब." दोन फुटीत? "बिनधास्त." सोबत गोल्डफिश? "दोस्ती होते." मोठा झाला तर? "तेव्हा मोठी टाकी घ्या, आपल्याकडेच मिळते." मासे विकणाऱ्यांत चांगली माणसं पुष्कळ आहेत, टाकी केवढी हे विचारल्याशिवाय जाळी न उचलणारी. नाना त्यांच्याकडे दुसऱ्यांदा जात नसत.

ऑस्कर घ्यायचं नक्की करून नाना निघाले, त्या रविवारी नानी सोबत गेल्या. नानींचं माहेर भिगवणचं. उजनीच्या पाण्यावर वाढलेली बाई. तिला मासा म्हटलं की तुकड्या दिसतात. आधी एकदा मी त्यांना सांगितलं होतं की, नानांचे हे सगळे रागीट मासे आणि तुमची चिलापी एकाच कुळातली, सिक्लिडांच्या. चिलापी म्हणजे आफ्रिकेतली तिलापिया, ती आपल्याकडे 1952 साली आली आणि धरणाधरणांत पसरली. एंजल आणि डिस्कस हे शोभेचे मासेही त्याच घराण्यातले. नानी नानांकडे वळून म्हणाल्या होत्या, "एवढ्यासाठी कुर्ल्याला जायचं? भावाला फोन केला तर टोपलीभर देईल." आपल्या देशाचे म्हणावेत असे सिक्लिड तीनच, आणि तिन्ही दक्षिणेकडचे. त्यातला मोठा म्हणजे केरळचा करीमीन, गोव्यातला कालुंदर. केरळनं 2010 मध्ये त्याला राज्यमासा केलं, आणि तरी तिथे तो मसाला लावून केळीच्या पानात भाजतात. नानींना हे धोरण मान्य होतं.

तर कुर्ल्यात नाना ऑस्करच्या टाकीसमोर उभे असताना नानी शेजारच्या टाकीकडे बघत होत्या. तिथे निरनिराळे मासे एकत्र कोंबलेले. एका कोपऱ्यात कुंडीचा फुटका तुकडा, आणि त्यापुढे राखाडी अंगावर काळे पट्टे असलेला बोटाएवढा मासा. त्याच्यापेक्षा तिप्पट मासे त्या कोपऱ्याकडे आले की हा सुटायचा आणि त्यांना पार दुसऱ्या टोकापर्यंत पिटाळून परत आपल्या खापरापाशी यायचा.

"हा घ्या," नानी म्हणाल्या.

"एवढासा?"

"टाकी मोठी होणार नाही. शिवणाच्या मशीनची जागा मी देणार नाही."

नाना घ्यायचं सोडून धावत माझ्याकडे आले, पट्टेरी माशाचा फोटो घेऊन. तो कॉन्व्हिक्ट होता. मध्य अमेरिकेतला, कैद्याच्या कपड्यासारख्या पट्ट्यांवरून नाव पडलेला. नर चार-पाच इंच, मादी त्याहून लहान. नवशिक्याच्या चुका पोटात घालणारा, खाण्यापिण्याचे नखरे नसलेला, आणि अंगाच्या मानानं मी पाहिलेल्या माशांत सर्वांत भांडखोर. मी म्हटलं, एकच जोडी, बाकी कोणी नाही, लपायला आडवं ठेवलेलं मडकं, दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं. दोन फूट म्हणजे काठावर पास, अडीच-तीन असते तर बरं. पण चालेल.

"चालेल?" नाना संशयानं म्हणाले.

"चालेल."

त्यांचा चेहरा पडला. इतक्या नकारांनंतर माझ्याकडून होकार आला, म्हणजे कुठेतरी काहीतरी चुकतंय अशी त्यांची खात्री झाली. दोन दिवस ते इतरांना विचारत फिरले, कोणी नको म्हणतंय का बघायला. कोणी म्हणेना. मग नाइलाजानं ते मासे घरी आणले. लोकलमध्ये पिशवी पोटाशी धरून, दरवाजातल्या माणसांना "जिवंत आहे, जिवंत आहे" सांगत.

सुरुवातीला नाना जरा हिरमुसलेले होते. एवढ्याशा माशाचा दरारा पाहुण्यांना दाखवायचा कसा? आणि मग एका पहाटे त्यांचा फोन आला. आवाज फुटला होता. मला वाटलं, गुडघा.

"चावला!"

"कोण?"

"चावला हो! शेवाळ पुसायला हात घातला तर धरलंच बोट!"

मडक्यात अंडी होती. सिक्लिडांच्या रागाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. बरेचसे मासे अंडी पाण्यात सोडून मोकळे होतात. हे लोक संसार करतात. जागा अडवतात, साफ करतात, अंडी राखतात, पिल्लं पोहू लागल्यावरही आईबाप दोघं पहारा देतात. दुरून पाहणारा त्याला रागीट म्हणतो. नानांनी बोटावरचा तो ओरखडा आठवडाभर सोसायटीत दाखवला. पट्टी लावायला नकार दिला, कारण मग दिसला नसता.

पण दोन फुटांत संसार म्हणजे काय होतं, तेही लवकरच दिसलं. बाहेरचा शत्रू नाही, मग नर मादीच्याच मागे लागला. तिचे पर फाटले. नानी अस्वस्थ. तिच्या पोटावरचा नारिंगी रंग त्यांना आवडू लागला होता आणि तिचा पक्ष त्यांनी उघडपणे घेतला होता. मी त्यांना कोनराड लोरेन्झची गोष्ट सांगितली. हा ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ, 1973 चा नोबेल मानकरी. आक्रमकतेवर त्यानं 1963 मध्ये पुस्तक लिहिलं, आणि त्यात सिक्लिडांच्या जोडप्यांची हकिगत आहे. एका टाकीत मधे काच घालून दोन्हीकडे एकेक जोडपं ठेवलेलं. काच स्वच्छ असेपर्यंत दोन्ही नर एकमेकांवर डाफरत आणि घरात गुण्यागोविंदानं नांदत. काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला की आपापल्या बायकांशी वाकडं वागू लागत. नवरे वाकड्यात शिरले, म्हणजे काच पुसायची वेळ झाली, असं त्यावरून कळायचं.

ही गोष्ट ऐकून नानी बराच वेळ समोरच्या फ्लॅटच्या बंद दाराकडे बघत राहिल्या. तिथले भांडखोर भाडेकरू मागच्याच वर्षी सोडून गेले होते.

नानांनी दाढीचा आरसा टाकीच्या काचेला टेकवला. नर आरशातल्या नराशी अर्धा तास झुंजला आणि मादी मडक्यात निवांत बसली. दिवसभर ठेवू नका, तो दमून मरेल, असं मी बजावलं. नानांनी वेळापत्रक केलं: दाढी सात ते सव्वासात, भांडण सव्वासात ते पावणेआठ.

पिल्लं जगली. कॉन्व्हिक्टची जगतातच; एका खेपेला शंभराच्या वर अंडी आणि राखायला दोघं, तेव्हा मरणार कशी? महिन्याभरात टाकीत बडीशेप सांडल्यासारखी पिल्लं झाली, आणि ती मोठी व्हायच्या आत मडक्यात पुन्हा अंडी. नाना पिशव्या भरून कुर्ल्याला गेले. बिनधास्तवाल्यानं पिशवी उजेडात धरली, पट्टे बघितले, आणि परत नानांच्या हातात दिली.

"कॉन्व्हिक्ट नको साहेब. कोणी घेत नाही."

"फुकट देतोय."

"फुकट पण नको."

नाना पुढच्या दुकानात गेले. त्याच्या पुढच्या. संध्याकाळी सगळ्या पिशव्या घेऊन परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यांच्या गुडघ्याच्या दुखण्यातही पाहिलं नव्हतं. अख्खा बाजार पालथा घालून एकही होकार नाही.

मार्ग नानींनी काढला. संक्रांत जवळ आली होती. त्या वर्षी हळदीकुंकवाला त्यांनी वाण म्हणून मासे द्यायचे ठरवले. एकेका पिशवीत दोन कॉन्व्हिक्ट, वर रबरबँड आणि हळदीकुंकवाचं बोट. शेजारी स्टीलच्या वाट्यांची चळत, ज्यांना मासे नकोत त्यांच्यासाठी. नानी दारात उभ्या आणि हातात पिशवी देण्याआधी प्रत्येकीला एकच प्रश्न, "टाकी केवढी आहे?" तीन फुटी म्हटलं की पिशवी. दोन फुटी म्हटलं तर टाकीत आधीचं कोण आहे, याची चौकशी. पहिल्या मजल्यावरच्या सूनबाई म्हणाल्या, टाकी नाही, पण मोठी लोणच्याची बरणी रिकामी आहे. नानींनी त्यांच्या हातात वाटी ठेवली, तिळगूळ दिला आणि पुढचीला हाक मारली.

सूनबाई हिरमुसून जिना उतरायला लागल्या. मी वर येत होतो, त्यामुळे पुढचं मला ऐकू आलं. बंद केलेल्या गॅलरीची काच सरकवून नाना बाहेर वाकले होते.

"उद्या अकराला ये," ते हलक्या आवाजात म्हणाले. "तेव्हा ही भाजी आणायला जाते. बरणीत चालतंय की!"